मीटरवर कोणाचे नाव, शेगडीखाली कोणाची टाकी?

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात : मी एका खासगी शाळेत शिकवते आणि माझे पती गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतात. लग्नानंतर सहा वर्षे आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत सासू-सासऱ्यांबरोबर राहिलो. आता पाचगावात दुसऱ्या मजल्यावरचा एक जुना फ्लॅट घेत आहोत. पंधरा दिवसांत खरेदीपत्राची नोंदणी आहे आणि दसऱ्याला दूध उतू घालून राहायला जायचे ठरले आहे. फ्लॅट सासऱ्यांच्या जुन्या मित्राचा आहे. ते काका वर्षभरापासून मुलाकडे पुण्याला असतात. ते म्हणतात, "लाइटचे मीटर माझ्याच नावावर राहू द्या, तुम्ही फक्त बिल भरत जा. गॅसच्या दोन टाक्या, रेग्युलेटर आणि पुस्तकही तिथेच ठेवतो." मला दोन्ही गोष्टी आमच्या नावावर हव्या आहेत. परंतु सासरे म्हणतात, ज्या माणसाने चार पैसे कमी घेऊन घर दिले, त्याच्यापुढे सहीसाठी आणखी कागद धरणे बरे दिसत नाही. सासूबाई म्हणतात, आपल्याकडच्या दोन टाक्यांपैकी एक घेऊन जा. पती म्हणतात, राहायला गेल्यावर सावकाश बघू. मी उगाच घाई करते आहे का? आणि हे सारे दसऱ्याआधी होणार नसेल, तर मुहूर्त पुढे ढकलावा का?

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुम्ही घाई करत नाही आहात, हे आधी सांगते. पण तुमच्या घरातील मंडळी आडमुठेपणा करत आहेत असेही मला वाटत नाही. सासरे मैत्री जपत आहेत, सासूबाई तुमची चूल पहिल्या दिवसापासून पेटावी म्हणून धडपडत आहेत आणि काका आपल्या परीने तुमचा त्रास वाचवत आहेत. मात्र या सर्वांच्या बोलण्यामागे एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, आणि मला वाटते ती तुम्हीही नकळत मान्य केली आहे. ती म्हणजे, नाव बदलण्याचा कागद फक्त तुमच्या सोयीचा आहे आणि काकांकडे तो मागणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणे. हा कागद काकांच्या बाजूने वाचून पाहिला तर काय दिसते, तेवढे आधी पाहू.

विजेची जोडणी हा महावितरण आणि ज्याच्या नावावर मीटर आहे तो ग्राहक, या दोघांमधील करार असतो. घर विकले म्हणून तो करार आपोआप तुमच्याकडे येत नाही. मीटर काकांच्या नावावर राहिले, तर तुमच्या वापराचे प्रत्येक बिल कागदोपत्री त्यांचे देणे ठरते. पुढे कधी बिल थकले, मीटरबाबत काही तक्रार निघाली, उद्या तुम्ही तो फ्लॅट भाड्याने दिला आणि भाडेकरूने घरगुती जोडणीवर दुकान चालवले, तर त्याची नोटीस पुण्यात बसलेल्या त्या गृहस्थांच्या नावाने निघू शकते. शिवाय या जोडणीपोटी त्यांनी भरलेली सुरक्षा अनामत महावितरणकडे पडून आहे. आजच्या नियमाप्रमाणे ही रक्कम साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी धरली जाते आणि तिच्यावर व्याजही मिळते. म्हणजे काकांचे पैसे तुमच्या घराच्या वापरापोटी अडकून राहतात आणि जबाबदारीही त्यांच्याच डोक्यावर राहते. ज्या माणसाने तुमच्यासाठी चार पैसे सोडले, त्याला या दोन्हीतून मोकळे करणे हेच मैत्रीला धरून आहे, असे सासऱ्यांना सांगून पाहा.

या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्ली आहे. आमच्या पहिल्या घराचे मीटर आम्ही सात वर्षे जुन्या मालकांच्या नावावर तसेच ठेवले. बिल दर महिन्याला वेळेवर भरत होतो, त्यामुळे काही अडेल असे वाटलेच नाही. एका जुलैमध्ये सासूबाई रुग्णालयात होत्या आणि बिल भरायचे राहून गेले. वीज तोडण्यापूर्वी ग्राहकाला पूर्ण १५ दिवसांची नोटीस द्यावी लागते, असे वीज कायद्याचे कलम ५६ सांगते, आणि ती नोटीस रीतसर निघालीही होती. पण ती गेली जुन्या मालकांच्या मोबाइलवर, आणि ते तर वर्षापूर्वीच वारले होते. ज्या दिवशी सासूबाईंना घरी आणले, त्याच दिवशी पुरवठा बंद झाला. पैसे भरून वीज संध्याकाळपर्यंत आली. मात्र त्यानंतर नाव बदलायला निघालो तेव्हा, आमचे खरेदीखत त्या वेळी नोंदवलेले नसल्याने, जुन्या मालकांच्या तीन मुलांच्या संमतीसाठी बेळगाव, निपाणी आणि मुंबई अशी वणवण करावी लागली. जे काम त्यांच्या हयातीत एका सहीत झाले असते, त्याला आम्हाला पाच महिने लागले. म्हणूनच "सावकाश बघू" या वाक्याची मला धास्ती वाटते.

सासऱ्यांच्या मनात आणखी एक शंका असू शकते, ती बोलून मोकळी करा. लाइट बिलावरचे नाव हा घराच्या मालकीचा पुरावा नव्हे. मालकी खरेदीपत्र आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडून मिळणारा त्या दस्ताचा उतारा) यांवरून ठरते. त्यामुळे मीटर काकांच्या नावावर राहिले म्हणून घर त्यांचे राहत नाही, आणि तुमच्या नावावर आले म्हणून त्यांच्याकडून काही हिसकावले जात नाही. पण पत्त्याचा पुरावा म्हणून तेच बिल बँकेपासून शाळाप्रवेशापर्यंत चालते. नव्या पत्त्यावर तुमच्याकडे अजून कोणताच कागद नाही, हे लक्षात घेतले तर त्याचे मोल कळेल.

आता प्रत्यक्ष काम कसे करायचे ते पाहू. नाव बदलण्याचा अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा तुमच्या भागाच्या उपविभाग कार्यालयात देता येतो. त्यासाठी बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक, तुमची ओळखपत्रे, नोंदणीकृत खरेदीपत्र किंवा इंडेक्स टू आणि प्रक्रिया शुल्क लागते. याच्या जोडीला जुन्या ग्राहकाचे संमतीपत्र दिले की काम सर्वात सरळ होते. संमतीपत्र नसेल तर अर्ज अडून राहतो असे मात्र नाही. मालकीचा पुरावा किंवा नोंदणीकृत दस्त असेल तर राज्य वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेप्रमाणे, म्हणजे वीजपुरवठ्याच्या नियमावलीप्रमाणे, त्यावरही नाव बदलता येते. दोन वाटांतला मोठा फरक अनामतीचा आहे. काकांनी संमती देताना अनामत तुमच्या नावे वर्ग करायला मान्यता दिली, तर तेवढी रक्कम तुम्ही त्यांना हातात द्यायची. तशी मान्यता नसेल तर तुम्ही नवी अनामत भरायची आणि जुनी त्यांना परत मिळते. माझा कल पहिल्या वाटेकडे आहे, कारण त्यात काकांना पैशांसाठी कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा लागत नाही. अनामतीचा आकडा बहुधा बिलावरच छापलेला असतो. त्यामुळे हिशेबाबाबत अवघडून जाण्याचे कारण राहत नाही.

ही सही केव्हा घ्यायची, याचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. दस्त नोंदवण्यासाठी काका दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात येणारच आहेत. तेथे फोटो, अंगठा आणि कितीतरी सह्या होतील. संमतीपत्र आदल्या दिवशी तयार करून त्याच फाइलमध्ये शेवटचे पान म्हणून लावा. सह्यांच्या ओघात आणखी एक सही कोणालाही खटकत नाही. पुढच्या महिन्यात त्यासाठी मुद्दाम पुण्याला जाणे मात्र खटकेल, आणि तुमच्या सासऱ्यांना ज्याची भीती वाटते तो अवघडलेपणा नेमका तेव्हा येईल.

नोंदणीच्या आधी थकबाकी तपासा. येथे लोक फसतात आणि मग विकणाऱ्याला दोष देतात. जुन्या मालकाची वीज थकबाकी त्या जागेवरचा बोजा मानली जाते आणि जागेबरोबर नव्या मालकाकडे येऊ शकते. महाराष्ट्राच्या पुरवठा संहितेने, वारसाचा अपवाद वगळता, नव्या मालकावरची ही जबाबदारी जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या थकबाकीपुरती मर्यादित ठेवली आहे. तरीही नियमांत तशी तरतूद असेल तर जुनी बाकी नव्या मालकाकडे मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मधील केरळच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. काकांनी बाकी ठेवली असेल असे मला मुळीच सुचवायचे नाही. फ्लॅट वर्षभर बंद असला तरी स्थिर आकार लागतच असतो, आणि घर बंद असताना एखादे बिल नजरेतून सुटू शकते. ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या ॲपवर मागच्या काही महिन्यांची बिले पाहा. एखाद्या बिलावर प्रत्यक्ष रीडिंगऐवजी सरासरी आकारणी दिसली, तर खरे रीडिंग घेतल्यावर फरक निघेल हे धरून चाला.

चावी हाती येईल त्या दिवशी काका किंवा सासरे यांच्यासमोर मीटरचा फोटो काढा. त्यात युनिटचा आकडा आणि मीटरचा क्रमांक दोन्ही स्पष्ट दिसले पाहिजेत. त्या आकड्यापर्यंतचे बिल काकांचे आणि पुढचे तुमचे, असे एका ओळीत लिहून दोघांकडे ठेवा. तो आकडा दोन्ही घरांना पुढच्या गैरसमजातून वाचवतो. आणि हा फोटो काढण्याआधी ते मीटर खरोखर तुमच्याच फ्लॅटचे आहे का, हे पाहा. जुन्या अपार्टमेंटच्या जिन्याखाली दहा-पंधरा मीटर एकाच फळीवर असतात. वायरिंगच्या एखाद्या दुरुस्तीत अदलाबदल होते आणि दोन शेजारी वर्षानुवर्षे एकमेकांची बिले भरत राहतात. बिलावरचा मीटर क्रमांक मीटरवरच्या क्रमांकाशी जुळवा. मग फ्लॅटमध्ये गिझर किंवा इस्त्री चालू करून कोणाला तरी खाली उभे करा. मीटरवरचा छोटा लाल दिवा भरभर लुकलुकायला हवा, आणि घरातला मेन स्विच बंद करताच थांबायला हवा. तो थांबला नाही, तर मेन बंद असतानाही कोठेतरी वीज जात आहे. नाव बदलण्याआधीच ती तक्रार लेखी द्या.

दसऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर येथेच देऊन टाकते. मुहूर्त पुढे ढकलू नका. तुमच्या फ्लॅटमध्ये वीजपुरवठा चालू आहे. बदलायचे आहे ते नाव, आणि तो बदल होईपर्यंत वीज बंद राहत नाही. अर्ज दाखल करून पोच घेतली की तुमच्या बाजूचे काम झाले. नवीन बांधकामात, जेथे मीटरच बसलेले नाही, तेथे मात्र वेळेचा हिशेब आधी करावा लागतो. केंद्र सरकारच्या वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे परिपूर्ण अर्जानंतर महानगरे वगळता इतर शहरी क्षेत्रात सात दिवसांत आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत जोडणी देणे अपेक्षित आहे. आपल्याकडे हद्दवाढीचा विषय इतकी वर्षे रेंगाळल्याने पाचगाव, उचगाव यांसारखी शहराला चिकटलेली गावे ग्रामपंचायतीतच आहेत. तेथे नवे मीटर घेणाऱ्यांनी १५ दिवस धरावेत. जागेपर्यंत खांब किंवा वाहिनी ओढावी लागणार असेल, तर त्याहूनही अधिक.

नावापेक्षाही मला तुमच्या फ्लॅटच्या वायरिंगची काळजी अधिक वाटते, आणि तुमच्या पत्रात त्याबद्दल एक शब्दही नाही. इमारत जुनी आहे. तिची वायरिंग झाली तेव्हा घरात दोन पंखे, चार ट्यूब, एक मिक्सर आणि फार तर फ्रिज असायचा. तुम्ही त्यावर गिझर, वॉशिंग मशीन, इंडक्शन आणि कदाचित एसी लावणार आहात. दोन हजार वॅटचा गिझर एकटाच सुमारे साडेआठ ते नऊ अँपिअर ओढतो. तो दिव्याच्या बारीक वायरीवर चालवला तर वायर भिंतीच्या आत तापत राहते आणि बाहेरून काहीच कळत नाही. सामान हलवण्याआधी, घर रिकामे असतानाच, परवानाधारक वायरमनकडून एक दिवस पूर्ण तपासणी करून घ्या. गिझर आणि एसीसाठी स्वतंत्र, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, साध्या पॉवर पॉइंटसाठी अडीचची आणि दिवे-पंख्यांसाठी दीडची, ही रूढ पद्धत आहे. जुने किटकॅट फ्यूज असतील तर त्या जागी एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) बसवा. फ्यूज उडाला की जाड तार घालून काम भागवण्याची सवय मी कितीतरी घरांत पाहिली आहे. तशा तारेने फ्यूज उडायचा थांबतो आणि मग भिंतीतली वायर जळते.

एमसीबीच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. एमसीबी वायरीला वाचवतो, आरसीसीबी माणसाला वाचवतो. ओल्या हाताने कोणी सदोष वॉशिंग मशीनला स्पर्श केला आणि वीज शरीरातून जमिनीकडे वाहू लागली, तर तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. अर्थिंगही तपासून घ्या. तीन पिनांचा सॉकेट दिसला म्हणजे अर्थिंग आहेच असे समजू नका. तिसऱ्या भोकामागे वायर जोडलेलीच नाही, अशी घरे कमी नाहीत. या साऱ्याला काही हजार रुपये लागतील. पडदे आणि फर्निचर महिनाभर थांबले तरी चालेल, पण हा खर्च पुढे ढकलू नका अशी माझी विनंती आहे. सगळी उपकरणे मांडल्यावर मंजूर भार कमी पडतो असे वायरमन म्हणाला, तर भारवाढीचा अर्ज नावबदलाबरोबरच द्या.

पाचगावला पुराची चिंता नाही. परंतु दुधाळी, शुक्रवार पेठ किंवा पंचगंगेच्या काठच्या सखल भागात पहिले घर घेणाऱ्या वाचकांनी २०१९ आणि २०२१ सालचे पाणी कोठपर्यंत आले होते, हे शेजाऱ्यांना विचारावे आणि मीटरची पेटी त्या खुणेच्या वर आहे का ते पाहावे. पाणी ओसरल्यावर वायरमनने तपासल्याशिवाय मेन चालू करू नये. गॅसची टाकी पाण्यावर तरंगते, म्हणून घर सोडताना रेग्युलेटर काढून, टोपण लावून ती वरच्या मजल्यावर न्यावी.

आता गॅस. येथे मी काकांचे आणि सासूबाईंचे, दोघांचेही म्हणणे नाकारायला सांगणार आहे, म्हणून कारणे नीट सांगते.

विजेचे मीटर जागेला जोडलेले असते, म्हणून जागेच्या नव्या मालकाच्या नावावर ते करता येते. गॅसची जोडणी जागेची नसून त्या कुटुंबाची असते. टाकी आणि रेग्युलेटर कंपनीच्या मालकीचे असतात, ग्राहकाने त्यांच्यापोटी फक्त अनामत भरलेली असते. त्यामुळे काका "टाक्या ठेवतो" म्हणतात तेव्हा, मनाने कितीही मोठे असले तरी, जी वस्तू त्यांची नाही ती ते देत आहेत. व्यवहारातही ते चालणार नाही. टाकी घरपोच आली की जो कोड सांगावा लागतो, तो नोंदणीकृत मोबाइलवर येतो. म्हणजे दर टाकीला तुम्ही पुण्याला फोन करणार आणि काका दुपारची झोप मोडून आकडे सांगणार. केवायसीसाठी जोडणीधारकाचाच चेहरा किंवा अंगठा लागतो. काकांनी टाक्या आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा केले, तर त्यांच्या मूळ व्हाउचरवर लिहिलेली अनामत त्यांना परत मिळेल. पुण्यात स्वतंत्र जोडणी हवी असेल, तर येथून टर्मिनेशन व्हाउचर (येथील जोडणी बंद केल्याचा कागद) घेऊन ती तेथे सुरू करता येईल. वर्षभर बंद असलेल्या घरात दोन टाक्या तशाच असतील, तर एजन्सीला सांगून त्या आधी तेथून हलवा.

सासूबाईंची टाकी घेण्यातही अडचण आहे, आणि ती केवळ नियमाची नाही. नोंदणीकृत गॅस ग्राहकांसाठी तेल कंपन्यांनी विमा घेतलेला असतो. त्याचा हप्ता ग्राहकाला वेगळा भरावा लागत नाही, त्यामुळे पुष्कळांना तो माहीतही नसतो. गॅसमुळे दुर्घटना होऊन मृत्यू झाल्यास प्रत्येक व्यक्तीमागे सहा लाख रुपये, उपचारांसाठी प्रत्येकी दोन लाखांपर्यंत आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी दोन लाखांपर्यंत असे संरक्षण त्यात आहे. त्यातला मालमत्तेचा भाग ग्राहकाच्या नोंदणीकृत पत्त्यावरील जागेपुरता आहे. शिवाजी पेठेच्या पत्त्यावर दिलेली टाकी पाचगावच्या स्वयंपाकघरात असेल, तर नेमक्या गरजेच्या वेळी हे छत्र हातात राहणार नाही. शिवाय सासूबाईंकडे उरलेली एकमेव टाकी मध्येच संपली, तर त्यांची अडचण होईल ती वेगळीच.

"एका घरात एकच जोडणी" हे ऐकून तुम्ही बिचकला असाल, तर घर म्हणजे काय ते पाहा. पती, पत्नी, अविवाहित मुले आणि अवलंबून असलेले आई-वडील एका छताखाली राहून एका स्वयंपाकघरात जेवत असतील, तर ते एक घर. तुमची चूल वेगळी झाली की तुमचे घर वेगळे झाले आणि स्वतंत्र जोडणीचा हक्क तुम्हाला मिळाला. जोडणी तुमच्या स्वतःच्या नावावर घ्या. मीटर पतींच्या नावावर गेले, तर नव्या पत्त्याचा तुमच्या नावाचा एक कागद या निमित्ताने तयार होईल. १४.२ किलोच्या टाकीसाठी २,२०० रुपये आणि रेग्युलेटरसाठी २५० रुपये असे अनामतीचे दर जून २०२२ मध्ये लागू झाले. त्याखेरीज पहिल्या टाकीतील गॅसची किंमत, नळी आणि जोडणीचे किरकोळ आकार लागतात. एजन्सीने शेगडी आपल्याकडूनच घ्या असा आग्रह धरला तर नम्रपणे नकार द्या. शेगडी आयएसआय चिन्हाची असावी एवढेच पाहिले जाते, ती कोठून घ्यायची हे तुम्ही ठरवता. पत्त्यासाठी इंडेक्स टू दाखवा. तुमच्या दोघांपैकी कोणाच्या नावावर कोल्हापुरातच आधीची जोडणी असेल, तर नवी घेऊ नका. टाकी जमा न करता ती त्याच शहरातील दुसऱ्या वितरकाकडे बदलून घेता येते.

नवी जोडणी दसऱ्यापर्यंत मिळाली नाही, तर पाच किलोची छोटी टाकी आणा. इंडेनची 'छोटू' आणि एचपीची 'अप्पू' याच प्रकारच्या. त्यांना पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरते. गॅस महाग पडतो, पण पंधरा दिवसांसाठी ती चांगली सोय आहे. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांनाही मी हेच सुचवते. दूध उतू घालायला तर देवघरासमोर मांडलेली कोळशाची शेगडीही चालते, फक्त खिडकी उघडी ठेवा. इंडक्शन जोडीला जरूर असावे, पण नव्या वायरिंगवरच. कोल्हापूरच्या काही भागांत पाइपने गॅस येऊ लागला आहे. तुमच्या इमारतीत तो आला असेल किंवा लवकरच येणार असेल, तर दुसरी टाकी घेण्याची घाई करू नका.

पहिली टाकी आली की दारातच सील पाहा आणि वजन करून मागा. टाकीच्या वरच्या पट्टीवर आतल्या बाजूला ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि पुढे दोन आकडे असतात. अक्षर म्हणजे वर्षाची तिमाही आणि आकडे म्हणजे वर्ष. 'बी-२९' असेल तर त्या टाकीची पुढची तपासणी जून २०२९ पर्यंत व्हायची आहे. तो काळ उलटून गेलेली टाकी परत करा. नळी आयएसआय चिन्हाची, तारेची जाळी असलेली नारिंगी सुरक्षा नळीच घ्या आणि ती दर पाच वर्षांनी बदला. काकांच्या शेगडीला जी जुनी नळी असेल, ती वरून चांगली दिसली तरी टाकून द्या. टाकी नेहमी उभी, आणि शेगडी तिच्यापेक्षा उंच ओट्यावर. टाकीचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो गळाला तर जमिनीलगत साचतो. म्हणून टाकी ओट्याखालच्या बंद कपाटात कोंडू नका, निदान कपाटाच्या दाराला खालच्या बाजूने झरोके ठेवा. वास आला तर दिव्याचे बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर या आणि मग १९०६ या क्रमांकावर फोन करा. विजेच्या तक्रारीसाठी १९१२ आहे. दोन्ही क्रमांक फ्रिजवर लावा, कारण अशा वेळी मोबाइलमध्ये शोधण्याइतके हात स्थिर राहत नाहीत.

आता राहिला तो फोन. तो तुम्ही करू नका आणि पतींनाही करायला लावू नका. मैत्री सासऱ्यांची आहे, तेव्हा बोलणेही त्यांनीच करावे. त्यांना आज रात्री जेवणानंतर एवढेच म्हणा, "बाबा, काकांची मीटरची अनामत आणि गॅसची अनामत दोन्ही अडकून पडणार आहेत, आणि आमचे बिल चुकले तर नोटीस त्यांना जाणार आहे. हे त्यांना तुम्हीच सांगा. नोंदणीला येताना गॅसचे पुस्तक आणि शेवटचे लाइट बिल घेऊन या म्हणावे. संमतीपत्र आम्ही लिहून ठेवतो." गॅस एजन्सीत काकांबरोबर सासऱ्यांनाच जाऊ द्या. दोघांना बऱ्याच दिवसांनी एकत्र वेळ मिळेल, आणि नोंदणीच्या दिवशी दुपारचे जेवण शिवाजी पेठेतच ठेवा म्हणजे काकांना उपाशी पुण्याला परतावे लागणार नाही.